साडूच्या खिशातला बूटलोडर

थोरला जावई मनाने वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून लोक त्याच्या नावाने बोटं मोडायला मोकळे! एका मोठ्या कचेरीतले एकशे चाळीस संगणक हा माणूस एकटा सांभाळायचा. कुणाचा प्रिंटर अडला, कुणाचा स्क्रीन काळा पडला, की याला हाक. हा यायचा, खुर्ची ओढायचा, दोन मिनिटं गप्प बसायचा आणि मग म्हणायचा, "झालं." त्या एका शब्दावर त्याची बावीस वर्षं गेली होती.

सासऱ्यांच्या घरीही तोच मान. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा निवृत्त लिफ्ट मेकॅनिक. हाताला वंगणाचा वास आता राहिला नव्हता, पण बोलताना बोटं अजून स्क्रू पिळायची. लिफ्ट कुठे, कशी आणि का अडते, हे आयुष्यभर पाहिलेलं सगळं ते एका जुन्या संगणकावर लिहून काढत होते. तीन वर्षांत दोनशे दहा पानं झाली होती. पुढच्या महिन्यात ती एका प्रशिक्षण संस्थेला द्यायची होती. त्या संगणकाला काही झालं की अण्णा म्हणायचे, "आमचे थोरले आहेत ना!" हे वाक्य कानावर पडलं की थोरल्याचं पोट न जेवताच भरायचं.

मग धाकट्या मेहुणीचं लग्न झालं आणि घरात साडू आला.

आता साडू हे नातंच असं, की तो भला असला तरी पोटात दुखतं आणि भला नसला तर निदान बरं तरी वाटतं. हा नेमका भला निघाला. हसरा, लाघवी, सगळ्यांच्या आधी उठून कपबशा विसळणारा. थोरल्याला 'दादा, दादा' करणारा. मोठ्या कंपनीत यंत्रं विकायचं काम, आणि संगणकाचं जे काही येत होतं ते सगळं व्हिडिओ बघून आलेलं. "नुसता बघून शिकलेला," असं थोरला बायकोला दर आठवड्याला एकदा तरी ऐकवायचा. बायको म्हणायची, "मग शिकला ना?"

एका सोमवारी बायकोनेच बातमी आणली. अण्णांचा संगणक फार रडतखडत चालत होता, म्हणून रविवारी धाकट्या जावयाने त्यावर लिनक्स नावाची नवी, हलकी सिस्टीम टाकून दिली. अण्णांचं लिखाणही नव्या सिस्टीममध्ये नीट ठेवलं. आता यंत्र कसं भुर्रकन चालतंय म्हणे!

थोरल्याचा हातातला घास हातातच राहिला. अकरा वर्षं त्या यंत्राची धूळ कुणी पुसली? आणि आता मला विचारलंसुद्धा नाही?

"तुम्हाला त्रास नको म्हणून नसेल विचारलं," बायको म्हणाली.

"त्रास? मला कसला त्रास?" असं तो ज्या आवाजात म्हणाला, त्यावरून किती त्रास झाला होता ते शेजाऱ्यांनाही कळलं असेल.

पण देव कुणाकुणाचं ऐकतो बघा. मंगळवारी सकाळी अण्णांचा फोन. आवाज पार उतरलेला. संगणक सुरूच होत नव्हता. काळा स्क्रीन, आणि सुरू करण्यासारखी डिस्क सापडली नाही अशी एक ओळ. धाकटा सोमवारीच कामासाठी परगावी गेला होता, तो शनिवारी येणार. थोरल्याने फोन ठेवला. आनंदाच्या अशा उकळ्या फुटल्या त्याला, की त्याचीच त्याला लाज वाटली. थोडी वाटली.

संध्याकाळी कचेरीतून तो थेट तिकडे गेला. अण्णा स्वयंपाकघरात चहा टाकायला गेले, तेवढ्यात याने स्वतःचा पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू केलं. डिस्क ठणठणीत. लिनक्स जागच्या जागी. अण्णांची दोनशे दहाच्या दोनशे दहा पानं शाबूत. नव्हता तो फक्त बूटलोडर. यंत्र सुरू झाल्याबरोबर 'सिस्टीम अमुक ठिकाणी आहे, तिकडे चला' असं सांगणारा एवढासा प्रोग्रॅम तो. डिस्कवर त्याचा मागमूस नव्हता.

थोरल्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बूटलोडर कुठे ठेवायचा हे सिस्टीम टाकताना विचारतात. यादीत पहिलं नाव सिस्टीम टाकायला लावलेल्या पेनड्राइव्हचं आलं असणार, आणि धाकट्याने न वाचता पहिल्याच नावावर बोट ठेवलं होतं. बूटलोडर गेला पेनड्राइव्हमध्ये. तो लावलेला होता तोवर सगळं छान चाललं, आणि मग पेनड्राइव्ह खिशात घालून साडूसाहेब घरी गेले! अण्णांनी यंत्र बंद केलं नव्हतं तोवर ते चालत राहिलं, पुन्हा सुरू करायला गेले तेव्हा अडलं. दिव्यच म्हणायचं!

दुरुस्ती दहा मिनिटांची. चार-पाच ओळी टाइप करायच्या, बूटलोडर डिस्कवर लिहायचा, की 'झालं'.

पण हे 'झालं' ऐकायला होतं कोण? एकटे अण्णा. ते म्हणणार, "शाबास," आणि शनिवारी धाकटा आला की त्यालाही तितक्याच प्रेमाने चहा देणार. छे! थोरल्याने पेनड्राइव्ह काढला आणि यंत्र बंद केलं.

अण्णा चहा घेऊन आले. "माझं लिखाण आहे का हो त्यात?"

आता खरं बोलायला काय जात होतं? पण म्हणतात ना, बुद्धी फिरली की जीभही फिरते. "बघू," थोरला म्हणाला. "आत्ता काही सांगता येत नाही. रविवारी सगळे असताना बघू."

अण्णांनी स्वतःचा चहा न पिताच परत आत नेला.

पुढचे चार दिवस थोरल्याने रविवारची मनातल्या मनात तालीम केली. धाकटा कुठे उभा असेल, आपण कसं सहज म्हणू, "अरे, एवढं साधं!" परगावाहून धाकट्याचा फोन आला, "दादा, माझं काय चुकलं असेल हो?" त्यालाही याने थंडपणे सांगितलं, "येशील तेव्हा कळेल." गुरुवारी बायको म्हणाली, "अण्णांनी सगळं पहिल्यापासून हाताने लिहायला घेतलंय. बोटं सुजलीयेत त्यांची." थोरल्याला आत कुठेतरी टोचलं. त्या संध्याकाळी त्याने पायात चपलासुद्धा घातल्या. मग धाकट्याचा हसरा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि चपला पुन्हा काढल्या.

रविवार उजाडला. सगळे जमले. थोरल्याने खुर्ची ओढली, आपला पेनड्राइव्ह लावला आणि ओळी टाइप केल्या. पेनड्राइव्ह काढून सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवला आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. एका दमात सुरू झालं ते! अण्णांची पानं उघडली. धाकटीने टाळ्या वाजवल्या.

"बूटलोडर याच्या खिशात फिरत होता!" थोरला म्हणाला.

धाकट्याने कान धरले. "चूक माझीच, अण्णा. दादा, तुम्ही कसं ओळखलंत?"

आणि इथे थोरल्याने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. "अरे, हे तर मी मंगळवारीच पाच मिनिटांत ओळखलं होतं!"

बायकोने मान खाली घातली.

"मंगळवारी?" अण्णा म्हणाले. "आणि लिखाण?"

"ते... होतं. शाबूत होतं."

टेबलाच्या कडेला हाताने लिहिलेले अडतीस कागद पडले होते. शेवटच्या पानांवरची अक्षरं ओळ सोडून खाली घसरलेली. अण्णांनी ते कागद गोळा केले, सरळ केले आणि खणात ठेवले.

"लिफ्टमध्ये माणूस अडकला, की आम्ही आधी बाहेरून ओरडून सांगायचो, मी आलोय, घाबरू नका," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "दार उघडायला मग तास लागला तरी चालायचा. तुम्ही मला पाच दिवस आत ठेवलंत, थोरले."

अण्णांनी खणातून एक कोरा कागद काढला आणि त्याच्यापुढे सरकवला.

"आत्ता काय टाइप केलंत ते यावर लिहून द्या. पुढे काही झालं तर धाकट्यांना लागेल."

"अण्णा, अहो, दादांना चांगलं येतं," धाकटा घाईघाईने म्हणाला.

"येतं ना. म्हणून तर लिहून मागतोय."

थोरल्याने कागद ओढला. एकेक ओळ लिहिली. डिस्कचं नाव आलं तिथे पेन थांबला. डिस्क आणि पेनड्राइव्ह यांच्या नावांत फरक एका अक्षराचाच. एवढं एक अक्षर चुकवलं की साडू पुन्हा तोंडावर पडणार होता. त्याने अक्षर बरोबर लिहिलं, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि कागद पुढे केला.

धाकट्याने तो दोन्ही हातांनी घेतला. "किती सुंदर अक्षर आहे हो दादा तुमचं," तो म्हणाला, अगदी मनापासून, आणि कागदाची घडी करून त्याने खिशात घातली.