रिकाम्या भांड्यातला खडा

फौजेतनं घरी येऊन मला वरीस झालं. मिलिटरी पोलिसात शिपाई व्हते. दहावीला दोनदा बसले तवा भरती मिळाली, म्हणून लिवताना चुकलं तर समजून घ्या. समुद्राकाठच्या एका शहरात चक्रीवादळ झालं आन् आमची बायांची तुकडी तिकडं पाठवली, तवा माझी पोरगी दहा महिन्यांची व्हती, इथं जळकोटला सासूबाईपाशी. संध्याकाळी सहाच्या रोल कॉलला सुभेदार साहेब म्हणले, "सकाळी पाचला मूव्ह." म्या घरी फोन केला. सासूबाई म्हणल्या, "पोरीचं मी बघते. तू पाण्यात उतरू नगंस."

शहरात शिरलो तवा गाडीतल्या आमी सहाही जणी बाहीर वाकून बघाय लागलो. माडाची झाडं सगळी एकाच अंगाला निजलेली. मासे धरायची नाव शाळेच्या छतावर जाऊन बसलेली, तिला ओरखडासुदिक न्हाय. नजर जाईल तिथं पाणी आन् प्यायला घोटभर न्हाय. लाईट न्हाय, फोन लागत न्हाय, दुकानं फुटलेली, सांजच्यापासून कर्फ्यू. मला एवढं भ्या वाटलं की हेल्मेटचा पट्टा लागंना.

"ए जळकोट, उलटा लावलास," जसविंदर म्हणली आन् लावून दिला. लान्स नायक जसविंदर, पंजाबची, आमची सेक्शन कमांडर. हिंदीत बोलायची, म्या आपल्या बोलीत लिवते. मला नावानं कधी हाक मारली न्हाय तिनं.

आमचं काम एकच. चौकात दिवसातनं एकदा टँकर यायचा, तिथं चेंगराचेंगरी होऊ द्यायची न्हाय. पहिल्या दिवशी दहाला टँकर आला, रांगेसाठी बांधलेला दोर तुटला, माणसं अंगावर आली, एका म्हातारीचा हात मोडला आन् निम्मं पाणी रस्त्यावर सांडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला म्या धीर करून साहेबाला म्हणलं, "साहेब, माणसं उभी करू नका, भांडी उभी करा."

"म्हणजे?"

"आमच्या गावात टँकर यायच्या आधी घागरी रांगेत ठेवत्यात आन् बाया सावलीला बसत्यात. जिची घागर पुढं, तिला पाणी आधी."

"तहानलेली माणसं हायत. भांडी पळवतील."

"साहेब, ऐका हिचं," जसविंदर म्हणली. "हिनं जन्मभर टँकरच बघितलाय."

नऊला रांग लागली. बादल्या, रंगाचे डबे, कुकर, पोरांच्या शाळेच्या बाटल्या, एकाचं तर मोटारसायकलचं हेल्मेट. चौकापासून पार गल्लीच्या तोंडापर्यंत. माणसं दुकानांच्या पायऱ्यांवर बसलेली, दोन दिसांची तहानलेली, आन् कुणी कुणाच्या भांड्याला हात लावला न्हाय. फौजेत म्या लई परेडी बघितल्या, पण तसली रांग न्हाय.

"तुझ्या जळकोटला बदली मागते मी," जसविंदर म्हणली.

"तिथं आंघोळ आठवड्यातनं एकदा."

"मग राहू दे."

दहा चाळीसला वारं सुटलं, टँकर अजून यायचाच व्हता. रांगेच्या शेवटाला एक रिकामा प्लास्टिकचा कॅन व्हता, तो आडवा पडला आन् गडगडत गल्लीतल्या साचल्या पाण्याकडं गेला. त्या पाण्यात विजेची तार तुटून पडलेली. शहराची लाईट बंद व्हती, तरी आमी तिथं लाल फडकं आडवं बांधलं व्हतं. कॅनवाली बाई कडेवर तान्हं घेऊन मागं पळाली, फडक्याखालनं वाकून गेली. म्या वरडले. जसविंदर माझ्याआधी पोचली. तिनं बाईला लेकरासकट मागं ढकललं, त्या झोकात तिचा स्वतःचा पाय पाण्यात पडला.

मी धावले.

"मागं राहा, जळकोट."

एवढंच बोलली.

पलीकडं कुणीतरी घरात जनरेटर चालू केला व्हता, त्याची वीज तारेत आली व्हती. ते आमाला मागनं कळलं. म्या वायरलेस सेट उचलला. "कंट्रोल, कॅज्युअल्टी वन, चौक, अँब्युलन्स पाठवा, ओव्हर." तिकडनं, "नाव सांगा, ओव्हर." मला नाव सांगता येईना. जनरेटर बंद करून तिला काढेपर्यंत दहा बावन्न झाले. डॉक्टरनं नुसती मान हलवली.

आमच्याकडं रिकाम्या भांड्यात खडा टाकत्यात, वाऱ्यानं उडू नये म्हणून. ल्हान लेकरूबी टाकतं. सगळं सांगितलं म्या त्या लोकांला, तेवढंच ऱ्हायलं.

तिसऱ्या दिवशी आमी चौकात गेलो तवा रांग आधीच लागली व्हती. कुणी सांगितलं न्हाय, तरी एकूण एक भांड्यात दगड, विटांचे तुकडे, कौलांचे तुकडे. सगळ्यात पुढं जसविंदरची हिरवी पाण्याची बाटली. त्या कॅनवाल्या बाईनं गल्लीतनं उचलून ठेवली व्हती. तिच्यातबी बारका खडा. टँकर आला, नळीतनं पाणी सुटलं, आन् कुणी जागचं हललं न्हाय. साहेबांनी स्वतः वाकून ती बाटली पहिली भरली.

लान्स नायक जसविंदर. वय एकोणतीस. माघारी म्हातारे आई-बाप.

आता जळकोटला टँकर येतो तवा मी घागर ठेवते, आन् माझी पोरगी, तिला अजून नीट बोलता येत न्हाय, ती मुठीत खडा घेऊन माझ्या मागं येते.