डोंगरासाठी शिवलेले बूट

"उशीर झालाच, तर तो देवाकडून होईल, माझ्याकडून नाही," असं नर्सबाई म्हणायच्या आणि पलंगाखालची पत्र्याची ट्रंक पायानं थोडी आत ढकलायच्या.

ट्रंक सहा वर्षं भरलेली होती. निवृत्त झाल्या त्याच आठवड्यात त्यांनी डोंगरातल्या मिशन दवाखान्याला लिहिलं होतं, की देवानं मला तिकडे पाचारण केलंय, जागा झाली की कळवा. जागा काही होईना. बाई डगमगल्या नाहीत. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ट्रंक उघडायची, कात्री, थर्मामीटर पुसायचं, पट्ट्यांना नि चादरींना ऊन दाखवायचं, पुन्हा घडी घालून ठेवायचं. रविवारी चर्चमध्ये मंडळीसमोर उभ्या राहून त्या आपल्या पाचारणासाठी प्रार्थनेची विनंती करत. पहिल्या वर्षी लोकांनी डोळे पुसले. सहाव्या वर्षी बाई उभ्या राहायच्या आतच पाळकसाहेब "आणि बाईंच्या डोंगरासाठी" असं म्हणून मोकळे व्हायचे.

नवरा खालच्या खोलीत बूट-चपला दुरुस्त करायचा. बोलणं बेताचं, हात सोन्याचा. बाईंसाठी त्यानं जाड तळाचे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट शिवले होते. दर वर्षी तो त्यांना तेल लावायचा आणि मनाशी म्हणायचा, चामडं माणसापेक्षा बरं टिकतं.

समोरच्या घरात त्याचा धाकटा भाऊ राहायचा. मधला रस्ता पंधरा पावलांचा. बाईंनी तो अकरा वर्षांत ओलांडला नव्हता. सासूबाई गेल्या तेव्हा बाई दवाखान्यात ड्यूटीवर होत्या, आणि चार माणसांत धाकटी जाऊ बोलून गेली होती की ही जगाची नर्स, आणि घरची म्हातारी पाण्यावाचून गेली. ते खरं नव्हतं. शेवटचं पाणी जावेनंच पाजलं होतं. पण शब्द बाईंना लागला. ट्रंकेतल्या चादरींसारखा त्यांनी तो वेळोवेळी उन्हाला दाखवून ताजा ठेवला होता.

त्या वर्षी जावेला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. महिन्याभरानं धाकटा भाऊ एक बूट घेऊन दुकानात आला. तळ उसवलाय म्हणाला. बसला. वहिनी बऱ्या आहेत ना, असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता उठून गेला. आठ दिवसांनी पुन्हा तोच बूट. पुढच्या आठवड्यात पुन्हा. तिसऱ्या खेपेला त्याच्या तोंडून निसटलं, की पडून पडून बायकोची पाठ फुटलीय. तिला कूस बदलता येत नाही, आणि त्याला ती बदलून देता येत नाही.

नवऱ्यानं हे जेवताना बाईंच्या कानावर घातलं. बाई म्हणाल्या, मला कुणी बोलावलेलं नाही. आणि देवानं बोलावलंय ते डोंगरात. ते कसं कळतं, त्यानं विचारलं. आतून कळतं, बाई म्हणाल्या. त्यानं पुढचा घास घेतला. कुठे थांबायचं हे त्याला इतक्या वर्षांत कळलं होतं.

आणि देवाची करणी अशी, की त्याच आठवड्यात डोंगरातून पत्र आलं. जागा झाली आहे, गुरुवारी निघा. बाईंनी ते तीनदा मोठ्यानं वाचलं, त्यातलं एकदा उघड्या खिडकीत उभं राहून. देव कधी वेळ चुकवत नाही, हे त्या दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगत होत्या.

गुरुवारी सकाळी निम्मी मंडळी दारात जमली. निरोपाची प्रार्थना झाली, गाणं झालं. कोपऱ्यावर दहाची बस उभी होती. बाई नव्या-जुन्या बुटांत ताठ उभ्या होत्या. तेवढ्यात नवरा दुकानातून आला आणि त्यानं धाकट्या भावाचा बूट ट्रंकेवर ठेवला.

"हे डोंगरात न्यायचं का?" बाई म्हणाल्या.

"न्यायचं नाही. बघ नुसतं."

पस्तीस वर्षं बाईंनी जखमा बघितल्या होत्या. झिजून सुटलेलं काय आणि पात्यानं कापलेलं काय, हे त्यांना चष्म्यावाचून कळायचं.

"कापलंय हे."

"तीनदा. मी शिवायचो, तो घरी नेऊन कापायचा."

"भावजींना तोंड नव्हतं का सांगायला?"

"तू काय म्हणशील ते त्याला माहीत होतं. आणि जाऊबाई तुला आत घ्यायला तयार नाहीत, हेही आधीच सांगून ठेवतो."

बाई ट्रंकेवर बसल्या. बसनं हॉर्न दिला. पाळकसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि हळूच म्हणाले, बाई, वेळ झाली.

"केव्हाचीच झालीय," बाई म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळून, "डोंगरात पत्र टाक. यायला उशीर होईल म्हणावं. देवाकडून नाही, माझ्याकडून."

त्यांनी ट्रंकेची कडी धरली. पाळकसाहेब हात द्यायला पुढे झाले, तर त्यांना नजरेनंच मागे सारलं. गाण्याची पुस्तकं तशीच हातात धरून मंडळी बघत राहिली. समोरच्या दारात धाकटा भाऊ येऊन उभा होता, एका पायात बूट, दुसरा पाय उघडा. त्याच्या मागून, आतल्या खोलीतून, अर्ध्या तोंडाचा पण चांगला ठणठणीत आवाज आला, की ती असेल तर नको म्हणून सांग.

बाईंनी पाऊल आखूड केलं नाही. भावजी बाजूला झाले, तशी आधी ट्रंक आत गेली.

नवरा उंबऱ्यावरून बघत होता. त्याचं लक्ष बाईंच्या बुटांच्या तळांकडे होतं. पंधरा पावलांसाठी त्यानं तळ फारच जाड लावला होता.