भरल्या मांडीची माउली

आईच्या ओव्या लिहून ठेव म्हणून नात माझ्या मागे लागली आहे. तिनंच मला या वयात अक्षरं शिकवली, तेव्हा नाही म्हणायची सोय नाही. पण आईनं जन्मभर जात्यावर म्हटलेल्या ओव्या मला आता धड आठवत नाहीत. आठवतात त्या तीनच. त्याही एका परक्या देवीवरच्या, आणि तिसरी तर अर्धीच.

आमचं गाव कर्जतपासून कोसभर. वडील मी लहान असतानाच गेले. आईला आम्ही दोघंच. मी थोरली, चौक गावी दिलेली, आणि माझ्या पाठचा भाऊ. तो कर्जत स्टेशनात इंजिनांना कोळसा भरायच्या कामावर होता. संध्याकाळी घरी आला की नुसते डोळे आणि दात दिसायचे. आई म्हणायची, "आला गं माझा काळा इठोबा!" आणि स्वतःच त्याच्या पाठीवर पाणी ओतायची. विशी ओलांडलेला गडी, लाजून चूर व्हायचा. त्याच्यासाठी पोरी बघायला आम्ही नुकती सुरुवात केली होती.

मग ते गाठीच्या तापाचं वर्ष आलं. घराघरात उंदीर मरून पडायला लागले तसा सगळा गाव उठून शेतात झोपड्या घालून राहिला. मी बाळंतपणाला आलेली, माझी पोर चार महिन्यांची. एका सकाळी भाऊ म्हणाला, काखेत दुखतंय. गाठ आलेल्या माणसाला दूर बांधाकडेच्या झोपडीत ठेवायचं आणि पेजेचं मडकं काठीनं आत सरकवायचं, असं गावकीनं ठरवलं होतं. आई दोन दिवस त्या झोपडीसमोर उन्हात बसून राहिली. मधे तिला अडवायला गावातली दोन माणसं उभी. तिसऱ्या दिवशी दुपारी आतनं येणारा कण्हण्याचा आवाज बंद झाला.

तोंडाला फडकी बांधून चौघं आले आणि त्याला घोंगडीत घालून बाहेर काढलं. तशी आई उठली. "माझ्या मांडीवर द्या त्याला," ती ओरडली, "येकदा द्या रं बाबांनो, येकदाच!" ते चौघं थबकले. खरं सांगते, त्यांनी दिला असता. पण मी मागून धावले आणि आईचे दोन्ही हात धरले. भाताचे भारे वाहून आई दणकट झालेली, पण मी सोडलं नाही. ती मला चावली. "सोड गं रांडे, सोड मला!" म्हणाली. उभ्या जन्मात तिनं मला घातलेली ती एकच शिवी. मी त्या चौघांना ओरडून सांगितलं, "बघता काय? न्या त्याला!" आणि ते घेऊन गेले.

माझं चुकलं का? गाठ आलेल्याला शिवलेली माणसं आठवड्यात गेलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. तेव्हाही मला चुकलं असं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण आई माझ्याशी बोलेनाशी झाली. म्हणजे जेव म्हणायची, पोरीला तेल लाव म्हणायची. त्यापलीकडे शब्द नाही.

ताप सरला, गाव परत घरात आला. सुतकात बंद पडलेलं जातं पुन्हा सुरू झालं. आमच्याकडे मोठ्या जात्याला दोघी समोरासमोर बसतात. एकीनं ओवी धरायची आणि समोरचीनं ती पुरी करायची. धरलेली ओवी अर्धी टाकत नाहीत. मी माहेरी गेले की मीच धरायची आणि वेड्यासारखी मीच पुरी करायची. आई नुसती खुंटा ओढायची. एकदा मी चिडून म्हटलं, "आये, शिव्या तरी दे गं!" तर म्हणाली, "तुला कशापाई देऊ?" आणि वैरण घातली. वैरण म्हणजे जात्याच्या तोंडात घालायचे मूठभर दाणे.

वर्ष असंच गेलं. आई अंडी विकायला कर्जतला रेल्वेच्या चाळीत जायची. तिथं गोव्याकडची क्रिस्ताव बिऱ्हाडं होती, ती घ्यायची अंडी. एके दिवशी मी आले तर तिनं आपण होऊन तोंड उघडलं. "बरी आलीस. त्या चाळीमागं येक देवी हाय, तिची ओटी भरायची हाय. माझ्या हातानं चालायची नाय." विधवा बाई ओटी भरत नाही, म्हणून माझी गरज. बोलली हेच मला पुष्कळ होतं. कसली देवी, कुठली, काही विचारलं नाही. खण, नारळ, तांदूळ घेतले आणि निघालो.

चाळीमागं पत्र्याची एक खोली होती. आत गेले. लाकडाची बाई, डोक्यावरून निळा पदर, रंगाचे टवके उडालेले. आणि तिच्या मांडीवर आडवा पडलेला वाढलेला लेक. मेलेला. मुंडी एका अंगाला लोंबतेय, पाय दुसऱ्या अंगाला, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. ती त्याच्याकडे बघतेय. बस, एवढंच. मी तांदळाची ओंजळ भरून उभी राहिले. ओटी घालायची ती मांडीत, आणि हिच्या मांडीत तर जागाच नव्हती.

अंडी घेणारी बाई आली. मला वाटलं, आता आम्हाला हाकलणार. तिनं आमचा नारळ पाहिला, आईचं तोंड पाहिलं आणि हळूच म्हणाली, "हिचा एकुलता. लोकांनी मारला त्याला. मग खाली काढून हिच्याजवळ दिला."

"दिला?" आईनं विचारलं. "हिच्याजवळ दिला? कुनी आडवली नाय हिला?"

"नाही. दिला."

आई तिथंच जमिनीवर बसली. मी खण-नारळ त्या देवीच्या पायाशी कसेबसे ठेवले आणि बाहेर आले. मला राग आला होता. हसाल, पण त्या लाकडी बाईचाच राग आला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे जात्यावर बसलो. आईनं पदर खोचला आणि वर्षानं तिचा आवाज निघाला. गंज चढलेला, पण तिचाच.

परमुलखीची माउली, बसली गुडघे मोडूनी
वाढला लेक मांडीवरी, कुनी न्हेला नाय ओढूनी

मी पुरी करायच्या आधी तिनंच पुरी केली. माझ्यासाठी थांबलीच नाही. लगेच दुसरी.

ओटी भरू कशी तिची, खन नारळ ठेवू कुठं
लेकानं गं भरली मांडी, हात तिचा नाय सुटं

माझ्या डोळ्यांना पाणी लागलं होतं. दुःखाचं होतं आणि आनंदाचंही, की आई गातेय. मग तिनं तिसरी धरली. ही म्हणताना तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

पुसते मी माउलीला, तुला लेक नव्हती काय

आणि थांबली. आता पुरी करायची होती मी. जातं फिरत होतं, आई वाट बघत होती. माझी जीभ तिखट, हे चौकला कुणालाही विचारा. गप्प बसले असते, नुसती रडले असते, तरी चाललं असतं. पण जीभ कसली ऐकते!

लेक हुती म्हनून गं, जिती राह्यली माझी माय

असं मी तिच्या तोंडावर म्हटलं. चढ्या आवाजात म्हटलं.

आईनं खुंटा सोडला नाही. "जिती?" ती म्हणाली. "ही जिती व्हय गं?"

मग पुढं म्हणाली, अगदी साध्या आवाजात. "तू केलंस ते बरूबर केलंस, बाये. मला ठावं हाय. म्हनून तर तुला शिवी बी देता येत नाय. पन मला त्याला येकदा मांडीवर घ्यायचा व्हता."

मी वैरण घालायची विसरले, तीही विसरली. रिकामं जातं फिरवू नये म्हणतात. उजाडेपर्यंत आम्ही दोघी ते फिरवत राहिलो.