उन्हानं खाल्लेलं औषध

उंद्रीच्या सुभद्राबाईचे गुडघे गेले आणि पाठोपाठ शेत जायची वेळ आली. तिला चालता येई, पण निंदण म्हणजे बसून सरकत तण काढायचं काम, ते होईना. धाकटा दीर जानराव बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, शेत मागत होता. माणूस वाईट नव्हता. पण एकदा दुसऱ्याचा वखर फिरला की आपल्याच धुऱ्यावर, आपल्याच बांधावर, आपण पाहुणे, हे ती चार घरं पाहून शिकली होती.

म्हणून सत्तरच्या दशकाच्या शेवटी एका साली तिनं पेरणीआधी मारायचं तणाचं औषध आणलं. शेतकी खात्याच्या साहेबांनी बजावलं होतं, "फवारलं की लगेच वखर फिरवा, मातीत मिसळा." आता आमच्याकडचं 'लगेच' तुम्हाला ठाऊकच आहे! त्यात फवारणीच्या दिवशी अमावस्या. पंप पाठीवर घ्यायला अमावस्या आडवी येत नाही. बैलाच्या मानेवर जू मात्र ठेवायचं नाही. शेजाऱ्याशी आळीपाळीनं वापरायचे सावडीचे बैल तिसऱ्या दिवशी मिळाले. तोवर उघड्या रानावर उन्हाळ्याचं ऊन तापत होतं.

कपाशीची पऱ्हाटी उगवायच्या आधी तणच वर आलं.

"वहिनी, पाणी इकलं दुकानदारानं तुम्हाले," जानराव म्हणाला. "द्या आता शेत माह्याकडे."

ती शेतात एकटीच फिरत राहिली. धुऱ्याजवळ थबकली. तिथं गाडीच्या तट्ट्याएवढा चौकोन होता, त्यात तणाची काडी नव्हती. फवारून झाल्यावर भाकर खायला तिनं तिथंच तो बांबूचा तट्ट्या अंथरला होता, आणि वखर येईतो तो तसाच पडून होता. झाकलं तेवढंच औषध टिकलं होतं.

तिच्या अंगावर काटा आला. रोज सकाळी ज्याला पाणी वाहायचं, तो पिकं वाढवतो एवढंच तिला माहीत होतं. एवढं जहाल इख तो दोन दिवसांत, आवाज न करता, गिळून टाकतो? तिनं हात जोडले. तिला भीतीही वाटली.

तिनं जानरावला बोलावलं. "औषध खोटं नाही, भाऊजी. सूर्यानं खाल्लं. एक साल द्या मले."

जानराव त्या चौकोनाकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "हाव."

त्या साली निंदण कसं निभावलं ते तिचं तिलाच ठाऊक. पुढच्या साली ऊन कलल्यावर ती पंप घेऊन पुढं निघाली आणि तिच्या टाचेमागं जानरावनंच वखर धरला.

श्रावणात तो धुऱ्यावर आला. "वहिनी, निंदाले बाया सांगू?"

पऱ्हाटीच्या दोन ओळींमधल्या तासात तणाची काडी नव्हती; सुभद्राबाई तिथं ताठ उभी होती.

"कायले? मी उभी आहो ना."