अर्धा राहिलेला डोळा

आमच्या इमारतीत त्याला सगळे डोळेवाला म्हणत. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटे, हा डॉक्टर असणार, नाहीतर याचं चष्म्याचं दुकान असणार. तो हसून सांगे, “माझ्या डोळ्यांना दिसत नाही. दिसायचं काम शेजारच्या डोळ्याचं. माझे नुसते बघतात.”

तो खोटे डोळे बनवायचा. अपघातात किंवा आजारात ज्यांचा एक डोळा गेला त्यांच्यासाठी, उरलेल्या डोळ्याशी जुळणारा दुसरा. या कामातली माणसं इथे फार नव्हती, म्हणून एका म्हाताऱ्या कारागिराने त्याला त्याच्या देशातून बोलावून घेतलं होतं. म्हातारा स्वतः आयुष्यभर हेच करत आला होता. आता हात थरथरू लागला होता आणि बुबुळ रंगवायला थरथरता हात चालत नाही.

रंगवायची डोळेवाल्याची रीत ठरलेली होती. माणसाला उत्तरेच्या खिडकीपाशी बसवायचं, स्वतः समोर बसायचं, आणि शर्टाच्या गुंडीएवढ्या चकतीवर त्याच्या जिवंत डोळ्यातलं बुबुळ उतरवायचं. फोटो नाही, दिवा नाही. ढग आला की कुंचला खाली. लोक सुरुवातीला संकोचत, मग हळूहळू सैल होत, आणि काही जण तर रडत. एक ट्रकचालक त्याला म्हणाला होता, “आमच्या आईनेही कधी इतका वेळ आमच्या डोळ्यांत पाहिलं नाही.”

त्याचं इथलं राहणं मात्र म्हाताऱ्याच्या नावाला टाचलेलं होतं. परवाना कामाचा, काम म्हाताऱ्याकडचं. बायकोचा आणि मुलीचा परवाना त्याच्या परवान्यावर. एका खिळ्यावर तीन कोट टांगावेत तसं ते तिघं इथे होते. अशा माणसाला खिळा दिसत नाही, तो भिंतीकडे पाहायचंच टाळतो.

एका शुक्रवारी म्हाताऱ्याने स्वतः चहा केला. इतक्या वर्षांत त्याने कधी गाळणी हातात धरली नव्हती.

“जागा मुलाने विकली,” म्हातारा कपात पाहत म्हणाला. “तुला सांगायचं जमत नव्हतं. म्हणून जरा उशीर झाला.”

“किती उशीर?”

“आज शेवटचा दिवस आहे.”

त्या वेळी खिडकीपाशी एका लहान मुलीचं बुबुळ पुरं झालेलं होतं. सात वर्षांची पोर. तपकिरी रंग, आणि खालच्या कडेला मधाचा थेंब सांडावा तसा एक पिवळसर ठिपका. तो ठिपका जमवायला त्याची अख्खी सकाळ गेली होती. आता फक्त ही चकती साच्यात बसवून भोवतीचा पांढरा भाग ओतायचा, त्यावर रेशमाच्या लाल धाग्यांच्या शिरा आणि वर काचेसारखा लेप, एवढं राहिलं होतं. निघताना त्याने ती चकती कागदात गुंडाळून जेवणाच्या डब्यात ठेवली. ठरवून नव्हे. निघताना आपण जसा पंखा बंद करतो, तसं हाताने ते केलं.

परवान्याचा नियम असा होता की दोन महिन्यांत नवा मालक शोधायचा, नाहीतर गाशा गुंडाळायचा. नदीपलीकडच्या एका मोठ्या रुग्णालयाने त्याला घ्यायचं कबूल केलं. अर्जही गेला. तो सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात वकीलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“आता नीट ऐका. मंजुरी येईपर्यंत काम करायचं नाही.”

“पगारी काम ना?”

“काम म्हणजे काम. तुमच्या कलेचं तर मुळीच नाही. हौसेने कुणाला एक डोळा करून दिलात, पैसेही घेतले नाहीत, आणि उद्या कुणी विचारलं, तर तुमच्या बाजूने मी काय बोलू?”

“कोण विचारणार?”

“कुणीही,” वकीलबाई म्हणाल्या. “ते सांगून विचारत नाहीत.”

डब्यातल्या चकतीबद्दल विचारायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं.

तेव्हापासून त्या घरात ‘कुणीही’ राहायला आला. तो कधी दिसला नाही, पण त्याला जागा द्यावी लागे. बायकोच्या चष्म्याची काडी निखळली, तर डोळेवाल्याने हात मागे घेतले.

“अरे, स्क्रू आहे तो, डोळा नाही!” बायको म्हणाली.

“दुकानात दे ना.”

“दुकान कशाला? तुझे हात काय गहाण टाकलेत?”

मुलीने शाळेच्या चित्रातल्या आकाशाला रंग लावून मागितला, तर म्हणाला, तूच लाव. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी शिडी धरायला बोलावलं, तर दारातूनच “सध्या माझी परिस्थिती जरा अशी आहे” असं काहीतरी पुटपुटला. आजोबा आम्हाला विचारत राहिले, याला नक्की झालंय काय, पाठ धरलीय का. एकदा जेवताना मुलगी म्हणाली, “बाबा, श्वास घेतला तर चालतो का? वकीलबाईंना विचारून घे एकदा.” तिघंही हसली. पण हसताना त्याची नजर दाराकडे गेली, आणि मुलीने ती पाहिली. त्यानंतर तिने तो विनोद पुन्हा केला नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे, हाताला काम नसलं तरी नजर थांबत नव्हती. रस्त्यात, दुकानात, बसथांब्यावर समोरच्याच्या बुबुळाचे रंग ती आपोआप वेगळे करी. थोडा करडा, त्याखाली हिरवट, कडेला काळसर वलय. माणसं चमकून तोंड फिरवत. त्याला वाटे, यांतला एखादा तो ‘कुणीही’ असेल.

चकती त्याने सुईदोऱ्याच्या स्टीलच्या डबीत ठेवली होती. एका सकाळी गुंडी शोधताना बायकोने डबी उघडली आणि ती किंचाळली. तो धावत आला.

“हे कोण आहे?” तिने विचारलं.

काय आहे, असं नाही विचारलं तिने. कोण आहे.

त्याने सांगितलं. तिने डबी पुन्हा जवळ घेतली. मग म्हणाली, “मी गुंडी शोधत होते आणि ही माझ्याकडेच बघत होती.” तिने गुंड्या दुसऱ्या डबीत काढल्या. ही डबी खिडकीजवळच्या फळीवर गेली, पण सावलीत. वर लेप नसलेल्या बुबुळाचा रंग उन्हाने उडतो.

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी बेल वाजली. तो जागचा हलला नाही. पुन्हा वाजली. बायकोने दार उघडलं. बाहेर त्या मुलीची आई उभी होती, हातात कापडी पिशवी, आणि तिच्या मागे ती मुलगी, गालावर हात ठेवून.

“म्हातारबुवांनी पत्ता दिला,” आई म्हणाली. “रागावू नका. साचाही दिलाय त्यांनी. पाण्यात उकळायचं छोटं भांडंही. म्हणाले, उरलंय ते सगळं तो स्वयंपाकघरातसुद्धा करेल. बुबुळ तेवढं सापडलं नाही म्हणे, ते पुन्हा रंगवावं लागेल.”

त्याच्या पाठीमागे चार पावलांवर फळी होती.

“काय झालं हिला?” त्याने विचारलं, पण ते त्याला दिसतच होतं. पोर वाढली होती, जुना डोळा खोबणीत लहान पडत होता. तो आपल्या मनाने फिरे. ती याच्याकडे पाही तेव्हा तो डोळा चौकटीकडे पाही.

“शाळेत पडला,” आई म्हणाली. “मैदानात. मुलांना वाटलं गोटी आहे. खेळली पोरं त्याच्याशी.” ती थांबली. “एक दिवसाचं काम आहे ना हो?”

“मला परवानगी नाही.”

“कुणाला कळणार आहे?”

दारामागच्या कोपऱ्यात त्याच्या मुलीचं दप्तर टेकवून ठेवलेलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती, ओले हात तसेच धरून. पाण्याचा एक थेंब फरशीवर पडला. सगळ्यांना तो ऐकू आला.

“मंजुरी आली की त्या दिवशी पहिला हिचा डोळा करीन,” तो म्हणाला.

“कधी येईल?”

“ते कुणी सांगत नाही.”

मग मुलीने गालावरचा हात काढला. “काका, तुम्हाला माझा डोळा आठवतो ना?”

“आठवतो.”

“मग झालं,” ती म्हणाली.

आईने पिशवी उचलली. भांडं साच्यावर आपटून वाजलं. ती भांडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “तुमचंही बरोबर आहे.” आणि पोरीचा हात धरून जिना उतरून गेली.

दार बंद झाल्यावर बायको म्हणाली, “निदान ते बुबुळ तरी द्यायचं होतंस. दुसऱ्या कुणीतरी बसवलं असतं.”

“ते मी तिथून न सांगता आणलंय. उद्या कुणी म्हणालं, हे कधी रंगवलं, कुठे रंगवलं, तर?”

ती आत गेली. भांडी घासत राहिली. थोड्या वेळाने आतूनच तिचा आवाज आला, “द्यायला हवं होतंस.” आणि मग नळ बंद करून, हलक्या आवाजात, “बरं झालं नाही दिलंस.”

मंजुरी आली तेव्हा बाहेर थंडी पडायला लागली होती. वकीलबाईंचा फोन झाल्यावर त्याने सगळ्यात आधी त्या मुलीच्या आईला फोन लावला. त्या दोघी दुसऱ्या शहरात जाऊन डोळा बसवून आल्या होत्या. “छान झालाय,” आई म्हणाली. “लांबून कळत नाही.” फोन ठेवल्यावर त्याने मंजुरीची बातमी घरात सांगितली. मुलीने विचारलं, “म्हणजे आता घ्यायचा श्वास?” तो हो म्हणाला. पण ती त्याच्याकडे अशी पाहत होती की जणू तो आधी घेऊन दाखवेल मग ती घेईल.

रुग्णालयातल्या त्याच्या खोलीला खिडकी नव्हती. तिथे बुबुळं रंगवत नसत. चांगल्या डोळ्याचा फोटो काढायचा, यंत्रातून छापून निघालेली चकती कापायची आणि साच्यात ठेवायची. दिवसाला कितीतरी डोळे होत. त्याच्या अर्जात ‘रंगकामातलं दुर्मीळ कौशल्य’ असं लिहिलेलं होतं. ते वाक्य त्याने तिथे कुणाला सांगितलं नाही. सोडून जायचा प्रश्नच नव्हता. पुन्हा नवा मालक, पुन्हा अर्ज, पुन्हा ती रिकामी मुदत. भिंत बदलली होती, कोट तेवढेच होते.

कामावर निघण्याआधी तो रोज डबीचं झाकण उघडून पाही. रंग उडालाय का. उडाला नव्हता. झाकण लावून तो निघे.

पुढच्या वर्षी ती मुलगी रुग्णालयात आली. अजून वाढली होती, बसवलेला डोळा पुन्हा लहान पडत होता. आई खाली गाडी लावत होती. मुलगी खुर्चीवर चढून बसली आणि म्हणाली, “ओळखलंत?”

त्याने आधी तिचा चांगला डोळा पाहिला. मधाचा थेंब जागच्या जागी होता. मग दुसरा पाहिला. सपाट, सगळीकडे सारखा तपकिरी. लांबून कळत नव्हतं.

“तू आली होतीस ना घरी,” तो म्हणाला, “त्या दिवशी तुझं बुबुळ माझ्याकडेच होतं. आत, खिडकीजवळ. मी दिलं नाही.”

मुलीने पाय हलवायचे थांबवले.

“का?”

“भीती वाटली.”

“माझी?”

“नाही गं. आम्हाला इथून घालवून देतील, याची.”

तिने थोडा विचार केला. “अजून आहे?”

“आहे. उद्या आणतो. इथे चालत नाही, पण मी साहेबांशी बोलतो. बसवू आपण.” साहेबांशी बोलणं म्हणजे काय, ते त्याला माहीत होतं. तरी तो बोलला. कित्येक महिने त्याने हेच वाक्य मनात धरून ठेवलं होतं.

“तो डोळा तिथे काय बघतो?” मुलीने विचारलं.

लहान मुलांना देतात तसं उत्तर त्याला देता आलं नाही. तो खरंच आठवू लागला. “समोर टेबल आहे. आम्ही तिघं जेवतो ते. सकाळी भिंतीवर थोडं ऊन येतं.”

“मग राहू दे त्याला,” ती म्हणाली. “इतके दिवस तुमच्याकडे बघतोय तो. माझ्याकडे आला तर मला ओळखणार नाही.”

ती हे सहज म्हणाली. तिला वाटलं, आपण काकांना मोठी सूट दिली. तो काही बोलायच्या आत तिने हनुवटी यंत्रावर टेकवली. “हसू का?”

“नको,” तो म्हणाला. “हसलं की डोळा बारीक होतो.”

फोटो निघाला. छापून आलेल्या चकतीत मधाच्या थेंबाच्या जागी एक पुसट डाग आला होता. त्याने ती कात्रीने गोल कापली.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्याने डबीचं झाकण काढून बाजूला ठेवलं आणि ते पुन्हा लावलं नाही. जेवायला बसताना त्याने आपली खुर्ची उचलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नेली. मग मुलीला म्हणाला, तू जरा इकडे सरक, तुझ्याआड आई दिसत नाही.

“कुणाला दिसत नाही?” मुलीने विचारलं.

बायकोने फळीकडे पाहिलं. मग तिने स्वतःची खुर्चीही थोडी पुढे ओढली, तिघं नीट दिसतील अशी.