एकही ओळ गाळायची नाही

सूड घ्यायचा तर लेखी परवानगी देऊन घ्यावा, असं माझं मत झालं आहे. तोंडी भांडणात आपण चार शब्द जास्त बोलून जातो आणि मग लोक म्हणतात, दोघांचंही चुकलं.

माझी आई धवलारीण. आमच्या आगरी लग्नात हळदीपासूनचे विधी जिच्या धवल्यांवर, म्हणजे गाण्यांवर, चालतात ती बाई. तिला आधी पाटावर बसवायचं, सुपात तांदूळ, नारळ आणि लुगडं ठेवून मान करायचा आणि जेवल्याशिवाय दारातून सोडायचं नाही, ही रीत. बदलापूरजवळच्या आमच्या गावात माझ्या चुलतकाकांच्या थोरल्या मुलाची हळद होती. मान नंतर करू म्हणून तिला तसंच बसवलं. ती गात असतानाच डीजेचा टेम्पो आला. काका मांडवात येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "बस कर गो वयनी. ह्या रडगाना कोन आयकतं आता?"

आई उठली. मान नाही, जेवण नाही, आणि थांब म्हणायला कुणी मागे आलं नाही. त्यानंतर ती कुठल्याच मांडवात बसली नाही. लोक बोलवायला यायचे, ती गुडघ्यांचं कारण सांगायची. गुडघे ठणठणीत होते. काकांनी तिचं जेवण चुकवलं याचा मला फारसा राग नव्हता, गाणं बंद केलं याचा होता, आणि तो मी जपून ठेवला.

त्या दिवशी मात्र घरी येऊन बोंबील साफ करता करता तिनं अर्धा राहिलेला धवला पुरा केला. मी फोनवर रेकॉर्ड करून घेतला. धवलारीण जुन्या गाण्यात त्या त्या घरचं काहीतरी गुंफत असते, दारातला आंबा, परसातली विहीर, नवऱ्याच्या आत्याचा तोरा. काकांच्या फाटकावर सिमेंटचे दोन सिंह आहेत. पंचक्रोशीत तसे दुसरे नाहीत. आईनं शेवटी जोडलं:

दारान दोन सिंव बसले, पोटभर जेवले गो,
गानारी धवलारीन उपाशी गेली गो.
जमीन इकून बंगला बांधला, माडी चढवली गो,
मूठभर तांदूल सुपान नाय निंघाला गो.

मी राहते विठ्ठलवाडीला आणि जवळच्या सिंधी वस्तीत, कॅम्प तीनमधल्या एका छपाईच्या दुकानात डीटीपी करते. सवडीनं आईचे सगळे धवले टाइप केले आणि एक वेबसाइट काढून तिच्यावर चढवले. या चार ओळींसकट.

काही वर्षांनी काकांच्या धाकट्याचं लग्न ठरलं, कॅम्प दोनमधल्या सिंधी मुलीशी. व्याह्यांना आपली संस्कृती दाखवायची म्हणून काकांना पाहुण्यांसाठी हिंदीत पुस्तिका छापायची होती. त्यांचा फोन आला. तुझ्या वेबसाइटवरचं सगळं भाषांतर करून छापतो, घरचंच आहे, तुझी काय हरकत असणार. मी विचारलं, वाचलंत का? ते हसले. वाचायचं काय त्यात, देवादिकांचं जुनं असतं, म्हणाले. हा माणूस प्रत्येक लग्नात मांडवाबाहेर आचाऱ्यावर ओरडत उभा असायचा. धवल्यात आपलं घर येतं हे त्याला ठाऊकच नव्हतं.

मी म्हटलं, काका, नीट मेल करा. त्यांनी केला. मी उत्तर लिहिलं: भाषांतर करून छापायला परवानगी आहे, खाली आईचं नाव घालावं, एकही ओळ गाळू नये. त्यावर काकांचा अंगठ्याचा इमोजी आला. इतकं आयतं चालून आल्यावर मी कशाला नको म्हणू?

भाषांतर अंबरनाथच्या एका निवृत्त हिंदी शिक्षकांनी केलं. ते सिंह त्यांनी कधी पाहिले नव्हते. सिंव म्हणजे काय, एवढं विचारायला त्यांनी मला फोन केला. मी अर्थ तेवढा सांगितला, सिंह कुणाचे ते नाही.

हळदीला मी एकटीच गेले. आई आली नाही. अँकरनं माइकवर पुस्तिका वाचायला घेतली. शेवटच्या ओळी आल्या तशा आमच्या गावच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. विहीणबाई पुस्तिका हातात घेऊन फाटकाकडे बघत होत्या. त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "भाईसाहब, ये भूखी कौन लौटी थी आपके दरवाजे से?"

काका आचाऱ्याला हाका मारत मांडवाबाहेर गेले. मी जेवले. दोनदा वाढून घेतलं.

लग्न आटोपल्यावर काका नाक मुठीत धरून आईच्या दारात आले. हातात सूप, त्यात तांदूळ, नारळ आणि लुगडं. मला म्हणाले, त्या ओळी वेबसाइटवरून काढ. मी म्हटलं, गाणं तिचं आहे, तिला विचारा.

आई म्हणाली, "आदी पाट मांड."

काकांनी वाकून पाट मांडला. आई बसली. तिनं तांदूळ, नारळ, लुगडं सगळं ओटीत घेतलं. मला भीती वाटली की आता ही माफ करून टाकणार. मग तिनं डोळे मिटले, घसा साफ केला आणि मला म्हणाली, "लिवून घे गो." इतक्या वर्षांनी ती पहिल्यांदाच चारचौघांत बसावं तशी बसून गायली:

सिंवांचा धनी दारी आयला, लुगडा घेऊन आयला गो,
लेकाची सासू बोलली तवा मान त्याला आठवला गो.

काका रिकामं सूप धरून उभे होते. तिनं त्यांना जेवूनच जायला सांगितलं, कारण आमच्या दारातून कुणी उपाशी जात नाही.

ते जेवत होते तेवढ्यात मी दोन ओळी चढवल्या. त्यांच्याखाली आता लिहिलेलं आहे: कुणीही, कोणत्याही भाषेत भाषांतर करून छापावं. एकही ओळ गाळायची नाही.