शरदच्या नावावरचा शेरा

सोमवारी शरदच्या घरचे इंटरनेट बंद पडले. त्याने तक्रार नोंदवली. मंगळवारी कंपनीने कोणालाही न पाठवता ती निकाली काढली आणि शेरा मारला : ‘ग्राहकाच्या स्वतःच्या उपकरणात दोष.’ गुरुवारी त्याने ते उपकरण काढले. शनिवारी पहाटे तो गेला. जबाबदार तिघे : ती कंपनी, न पाहता शेरा लिहिणारा तिचा अधिकारी आणि मी. मृत्यू हृदयविकाराने झाला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्या शेऱ्याबद्दल आहे. पाच आठवडे झाले, तो अद्याप कायम आहे.

मनमाडला आम्ही शेजारी होतो. तो टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तंत्रज्ञ, मी न्यायालयात लिपिक. निवृत्तीनंतर दोघेही नाशिकला आलो. त्याच्या पत्नीच्या, कुमुदवहिनींच्या मोबाइलवर एकदा बँकेचे बनावट पान उघडले, तेव्हा त्याने घरच्या इंटरनेटवर पहारा बसवायचे ठरवले. जुन्या संगणकात लिनक्स ही संगणकप्रणाली घातली; शेऱ्यातले ‘उपकरण’ ते हेच. बाहेरून येणारे सारे आधी त्यात शिरणार, आणि कोणाला वाट द्यायची हे शरदने लिहिलेले नियम ठरवणार. “आधी सगळं बंद, वकीलसाहेब,” तो मला चिडवत म्हणाला, “मग ज्याचं काम, त्याच्यापुरतं दार उघडायचं.” पहिल्याच दिवशी सगळे बंद करताना स्वतःच्या लॅपटॉपला परवानगी द्यायची तो विसरला. मग नियम बदलण्यासाठी तो संगणक टीव्हीला जोडायची वेळ आली, तीही ऐन मालिकेच्या वेळी. “चोर राहिले बाजूला, घरधनीच बाहेर!” वहिनी म्हणाल्या. “आता माझी मालिका संपेपर्यंत राहा तसेच.” पुढे प्रत्येक नियमाशेजारी त्याने कारण लिहून ठेवले. इतकी स्वच्छ नोंद मी न्यायालयातही क्वचित पाहिली.

त्या गुरुवारी मी गेलो तेव्हा तो सगळे नियम पुन्हा तपासत होता. “माझं चुकलं असेल का रे?” ... असे त्याने मला पूर्वी कधी विचारले नव्हते. मी ‘नाही’ म्हणायला हवे होते. मी म्हणालो, “अरे, ते लेखी देतायत म्हणजे काहीतरी असेलच. काढ ना ते खोकं.” त्याने एकेक तार काढून गुंडाळली, कंपनीचा मोडेमचा डबा थेट जोडला. इंटरनेट आले नाही. “आता तरी पटलं?” एवढेच त्याने विचारले. “उद्या पत्र लिहितो,” म्हणून मी घरी आलो. ज्याला त्याला पत्रे लिहिणारा मी... शुक्रवारी ते एक पत्र मी लिहिले नाही.

दहाव्यानंतर कंपनीचा लाइनमन आला. खांबावर चढला आणि थोड्याच वेळात उतरला. “खारीनं तार कुरतडलीय काका, इथंच, खांबावर. घरात काही प्रॉब्लेमच नव्हता. कोण म्हणालं घरात आहे म्हणून?”

“तुमचे साहेब.”

“ते काय, ऑफिसात बसून बघतात.”

वहिनी दारात उभ्या होत्या. “हे यांना कळायला हवं होतं,” म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यानंतर मी कंपनीला तीन पत्रे पाठवली. तिन्हींना एकच छापील उत्तर : तक्रार निकाली निघाली आहे. वहिनींना भरपाई नको, मलाही दिलगिरीची गुळगुळीत वाक्ये नकोत. त्या अधिकाऱ्याने वृत्तपत्राच्या याच पुरवणीत, स्वतःच्या नावानिशी, दोन गोष्टी छापून सांगाव्यात : शरदच्या उपकरणात दोष नव्हता, आणि न पाहता तसे का लिहिले. शरदने विचारल्यावर मी काय उत्तर दिले, ते मी सर्वांसमोर सांगितले आहे. आता त्यांनी सांगावे.